मापं बरोबर होती, मग फराळ बिघडला कुठे?

"काकू, गेल्या दिवाळीत सगळी मापं वाटीने सपाट मोजून घेतली होती. तरी चकल्या दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या, बेसनाचे लाडू डब्यात बसले, रव्याचे लाडू दगडासारखे झाले. भाऊबीजेला दह्याचा केक केला, तो छान फुगला आणि मग मध्येच खचला. यंदा अनारसेही करून बघायचेत, पण हिंमत होत नाही. माझं नेमकं चुकतंय कुठे?" लग्नानंतर पहिल्यांदाच एकटीने सगळा फराळ केलेल्या एका मुलीचा हा प्रश्न आहे.

डोंबिवलीत गेली 27 वर्षं मी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, आणि केक-बिस्किटांचे वर्गही घेते. हा प्रश्न मला दर वर्षी, नवरात्र संपलं की, कोणी ना कोणी विचारतंच. त्यामुळे एकदा नीट बसून लिहिते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तुझी मापं चुकली नाहीत. तू जे मोजलंस ते कोरडं होतं: भाजणी, बेसन, रवा, मैदा, साखर. आणि पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा ओलेपायी. पिठात पाणी किती गेलं, त्यातलं किती आचेवर उडालं, किती आत राहिलं, ह्याचा हिशोब कृतीत लिहिलेला नसतो, कारण तो वाटीने घेताच येत नाही. तो डोळ्यांनी आणि कानांनी घ्यावा लागतो. तुझे पाचही पदार्थ मी ह्याच एका बाजूने सांगते.

चकली घे. उकड काढलेल्या भाजणीत जवळजवळ भाजणीइतकंच पाणी असतं. चकली तेलात सोडल्यावर जो फेस उसळतो, ते तेल उकळत नसतं. तळणीच्या आचेला तेल उकळतच नाही. ती चकलीतल्या पाण्याची वाफ असते. म्हणजे तळणं हे खरं तर चकली वाळवणं आहे, फक्त उन्हाऐवजी तेलात. बुडबुडे येतायत तोवर आत पाणी आहे.

तू काय केलं असशील ते सांगते. तेल कडकडीत तापवलंस, चकल्या सोडल्यास, आच मोठीच राहिली, आणि दोन मिनिटांत सुरेख तांबूस रंग आला म्हणून काढल्यास. बाहेरचा थर कोरडा झाला, गाभा ओलसर राहिला. त्या दिवशी खाल्लीस तेव्हा कुरकुरीतच लागली असणार. पण डब्यात रात्रभर आतली ओल बाहेरच्या थरात मुरली आणि सकाळी चकली मोडायच्या ऐवजी वाकायला लागली. लोक डब्याच्या झाकणाला दोष देतात, दमट हवेला देतात. हवेचा वाटा असतो, पण मूळ दुखणं कढईतच झालेलं असतं.

रंगावर चकली काढायची सवय सोड, बुडबुड्यांवर काढ. पिठाचा हरभऱ्याएवढा गोळा तेलात टाक. तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आला की तेल तयार. थर्मामीटर असेल तर 170 अंशांच्या आसपास. चार चकल्या सोडल्या की तेलाचं तापमान एकदम उतरतं, म्हणून त्या क्षणी आच किंचित मोठी ठेवायची आणि मग मध्यम करायची. पहिलं मिनिटभर झाऱ्याने हात लावायचा नाही, चकली तेव्हा हळवी असते. आधी कढईभर पांढरा, मोठा फेस दिसतो आणि आवाज जोरकस असतो. मग चकली वर तरंगते. उलट. फेस ओसरत जातो, बुडबुडे लहान होतात, चुरचुर बारीक होते. शेवटी चकलीच्या कडेकडेने मोजून घ्यावेत इतकेच बुडबुडे उरतात, आणि झाऱ्याने चकली ढकलली तर ती कढईला लागून टक् असा कोरडा आवाज येतो. तेव्हा काढायची. एका घाण्याला सहा ते आठ मिनिटं सहज लागतात. दोन मिनिटांत चकली होत असेल तर ती झालेलीच नाही.

काढल्यावर चाळणीत निथळू दे आणि मग कागदावर पसरून ठेव. तासभर तरी. कोमट चकली स्टीलच्या डब्यात गेली की झाकणाच्या आतून थेंब जमतात, आणि जे पाणी एवढ्या मेहनतीने बाहेर काढलं ते परत त्याच चकलीवर पडतं.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. धंद्याच्या चौथ्या दिवाळीत माझी पाच किलो चकली परत आली होती. ऑर्डरी जास्त झाल्या, घाणे भरभर उरकावेत म्हणून दोन्ही शेगड्या मोठ्या ठेवल्या, आणि रंग बघून काढत गेले. तिसऱ्या दिवशी पिशव्या दारात. पैसे परत केले, आणि त्याच रात्री चार चकल्या वेगवेगळ्या वेळेला काढून, त्यांवर चिठ्ठ्या लावून, दोन दिवस ठेवून बघितल्या. फेस पूर्ण ओसरल्यावर काढलेली एकटीच चकली तिसऱ्या दिवशी कुरकुरीत होती. बाकी तिन्हींचा रंग तिच्यापेक्षा देखणा होता.

तरीही चकल्या मऊ पडल्याच तर टाकून देऊ नकोस. ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, 130 अंशांवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं भाज, बाहेर काढून पूर्ण गार कर, मग मोडून बघ. ओव्हन नसेल तर मंद आचेवर पुन्हा तेलातून काढ, पण त्या थोडं जास्त तेल पितात.

पिठाचंही थोडं सांगायला हवं. माझं भाजणीचं प्रमाण चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, एक वाटी पोहे, अर्धी वाटी धणे आणि पाव वाटी जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा, कारण तांदळाला लागणारा वेळ मुगाच्या डाळीला लागत नाही. गिरणीत सांगून तांदळावर किंवा डाळीवर दळून घ्यायची, गव्हावर नको. एक वाटी भाजणीला एक वाटीपेक्षा किंचित कमी पाणी, आणि मोहन एक मोठा चमचा. मोहन जास्त झालं तर चकली तेलात सुटते, विरघळल्यासारखी होते. कमी झालं तर दाताला कडक लागते. आणि पाडताना तुकडे पडत असतील तर पीठ घट्ट तरी आहे नाहीतर गार पडलंय. कोमट पाण्याचा हात लावून तेवढाच गोळा पुन्हा मळ, सगळी परात एकदम सैल करू नकोस. सैल पिठाची चकली सोऱ्यातून सुरेख पडते, पण काटा उमटत नाही, आणि पाणी जास्त म्हणजे तळायला वेळ जास्त. उरलेल्या पिठावर ओलं फडकं झाकून ठेवायला विसरू नकोस.

आता बेसनाचे लाडू. इथे उलट आहे. बेसनाच्या लाडवात पाणी मुळात नसावंच. त्याला धरून ठेवणारं असतं तूप, आणि तूप गरम असताना वाहतं, गार झाल्यावर थिजतं. लाडू बसतात त्याची कारणं दोनच: तूप जास्त झालं, किंवा मिश्रण गरम असतानाच साखर घालून लाडू वळले. माझं प्रमाण अर्धा किलो जाडसर बेसन, 250 ते 275 ग्रॅम तूप आणि 375 ग्रॅम पिठीसाखर. तूप सगळं एकदम ओतायचं नाही. तीन चतुर्थांश आधी आणि उरलेलं भाजताना लागेल तसं.

अर्ध्या किलोला मंद आचेवर चाळीस मिनिटं धरून चाल. सुरुवातीला बेसन तुपाबरोबर जड, ओल्या वाळूसारखं होतं आणि हात दुखायला लागतो. इथेच बहुतेक जणींना वाटतं की तूप कमी पडलंय, आणि त्या वरून चार चमचे घालतात. थांब. वीस-पंचवीस मिनिटांनी बेसन आपोआप सैल होतं, उलथनं हलकं फिरतं, कडेने तूप सुटायला लागतं. तेव्हा दिसतं की तूप पुरेसं होतं. बसलेल्या लाडवांचं अर्धं कारण हे मधलं घातलेलं तूप असतं. पुढे रंग बदलतो आणि खमंग वास स्वयंपाकघर सोडून बाहेरच्या खोलीपर्यंत जातो. कच्चं राहिलेलं बेसन टाळूला चिकटतं, ते कितीही साखर घातली तरी लपत नाही.

लाडू रवाळ व्हावा म्हणून शेवटी दुधाचा हबका मारतात. मारावाच, पण दोन चमच्यांचाच, आणि त्यानंतर जे फसफसून वर येतं ते पूर्ण खाली बसेपर्यंत परतायचं. ते फसफसणं म्हणजे पुन्हा पाणीच. ते आत राहिलं तर पिठीसाखर त्यात विरघळते, लाडू चिकट होतो आणि लवकर खराबही होतो. मग गॅस बंद करून भांडं उतरवायचं. भांड्याच्या बुडाला तळहात आरामात टेकवता आला की साखर घालायची. त्याआधी नाही. तुझे लाडू बसलेच असतील तर दोन-तीन चमचे डाळ्याचं पीठ चाळून घाल, सगळं एकत्र मळ, अर्धा तास ठेव आणि पुन्हा वळ. भुगा राहत असेल तर चमचाभर कोमट तूप.

रव्याच्या लाडवाचं दुखणं पाकात आहे. पाक म्हणजे साखरेत किती पाणी उरलंय ह्याचं माप. साखर-पाणी उकळत राहिलं की पाणी उडतं, आणि पाणी जितकं कमी उरतं तितकं त्याचं तापमान चढतं. एकतारी पाक साधारण 104-105 अंशांना होतो, गोळीबंद 112 ते 116 ला. आकड्यात अंतर दिसतं तेवढं वेळेत नसतं. वाटीभर साखरेचा पाक एकतारीवरून दोन-तीन मिनिटांत पुढे निघून जातो, आणि तू तार बघायला थेंब बशीत घेऊन फुंकर मारत उभी असतेस तेव्हाही तो खाली शेगडीवर उकळतच असतो. म्हणून तार बघताना आच बंद करायची. ही एवढीच सवय लावलीस तरी लाडू दगड व्हायचे थांबतील. दुसरं, भांडं उतरवल्यावरही जाड बुडाच्या कढईची धग पाक पुढे नेते. तार तुटक यायला लागली की उतरव, रवा घालेपर्यंत ती पक्की होते.

पाक पुढे गेलाच, तर त्यात तीन-चार चमचे पाणी घालून पुन्हा उकळी आण आणि परत तार बघ. गेलेलं पाणी परत देता येतं, ह्यात पाकासारखा क्षमाशील पदार्थ नाही. लाडू वळून कडक झाले असतील तरी ते फोड, कढईत घाल, गरम दुधाचा हबका मार, झाकण ठेवून मंद आचेवर दोन वाफा काढ, आणि कोमट असताना पुन्हा वळ. दूध घातलेले लाडू मात्र चार दिवसांत संपवायचे.

आता केक. माझ्या वर्गात निम्मे प्रश्न मध्ये खचलेल्या केकचे असतात. दह्याचा, अंड्याशिवायचा केक तर हटकून.

ओव्हनमध्ये केक फुगतो तेव्हा तीन गोष्टी एकदम चाललेल्या असतात. फेसताना अडकलेली हवा गरम होऊन पसरते. सोडा आणि बेकिंग पावडर वायू सोडतात. पाण्याची वाफ होते. ह्या तिघांनी मिश्रण वर उचलून धरलेलं असतानाच मैद्यातला स्टार्च शिजून घट्ट व्हायला हवा. तो घट्ट झाला की केक स्वतःच्या पायावर उभा राहतो. त्याच्या आधी वायू निसटला, किंवा पाणी इतकं होतं की मधला भाग घट्ट व्हायलाच उशीर झाला, तर छप्पर खाली येतं. मध्येच का? कारण टिनच्या कडा आधी तापतात, मधला भाग सगळ्यात शेवटी शिजतो.

तुझ्या कृतीत 'एक कप दही' असणार. कुठलं दही? घरी सायीचं लावलेलं घट्ट दही आणि दोन दिवस चमचे घालून घालून पाणी सुटलेलं दही, दोन्हींचा कप भरतो सारखाच. पण पातळ दह्याच्या कपात पाणी कितीतरी जास्त. मैदा मोजलास, दही मोजलंस, दह्यातलं पाणी मोजायचं राहिलं. वर सुटलेलं पाणी काढून टाक, आणि पातळच असेल तर दही अर्धा तास पंच्यात टांगून मग मोज. चक्का करायचा नाही, चमच्यातून जड ओघळेल इतकं दाट हवं.

दुसरं म्हणजे कप कुठला? बेकिंगमधला कप 240 मिलिलीटरचा असतो. आपल्या आमटीच्या वाट्या दीडशेपासून दोनशेपर्यंत कुठल्याही मापाच्या असतात. सगळंच एका वाटीने घेतलं तर निदान प्रमाण जुळतं. पण मैदा वाटीने आणि सोडा बेकिंगच्या चमच्याने घेतला की सोडा जास्त होतो. दोन-चारशे रुपयांचा वजनकाटा घे. मिक्सर नंतर घेतलास तरी चालेल.

माझं वर्गात शिकवायचं प्रमाण देते: मैदा 190 ग्रॅम, साखर 170 ग्रॅम, दाट दही 250 ग्रॅम, वासाचं नसलेलं तेल अर्धा कप म्हणजे 120 मिलिलीटर, बेकिंग पावडर सव्वा चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, व्हॅनिला एक चमचा. चमचा म्हणजे 5 मिलिलीटरचा, आणि सपाट. दही आणि साखर विरघळेपर्यंत फेट, त्यात पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं ठेव. वर बुडबुडे दिसायला लागतात, दह्याच्या आंबटपणाने सोडा कामाला लागलेला असतो. बुडबुडे आलेच नाहीत तर पुढे जाऊ नकोस, तुझा सोडा किंवा पावडर जुनी आहे. आपल्याकडच्या दमट हवेत उघडलेली बेकिंग पावडर चार-सहा महिन्यांत मरगळते. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघ, जोरात फसफसली पाहिजे. सोडा लिंबाच्या रसात टाकून बघायचा. बुडबुडे आले की तेल, व्हॅनिला, आणि मग मैदा तीन हप्त्यांत चाळून. मैदा पडल्यावर फेटायचं नाही. गुठळ्या मोडल्या की थांब.

आणि इथून पुढे रेंगाळायचं नाही. सोड्याने वायू सोडायला सुरुवात केलेली आहे. भांडं ओट्यावर ठेवून 'आता ओव्हन लावते' म्हटलंस की पंधरा मिनिटांत तुझा निम्मा फुगवटा हवेत गेला. ओटीजी आधीच 180 अंशांवर पंधरा मिनिटं तापलेला हवा, सात किंवा आठ इंची टिनला तूप-मैदा लावून तयार हवा. टिन दोन तृतीयांशाच्या वर भरू नको. टिन ठेवायचा तो ओव्हनच्या मधल्या उंचीवर. फार वर ठेवला तर वरच्या कांडीने पृष्ठभाग आधी लाल होतो, तुला वाटतं झाला, आणि आत ओलंच.

पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. काचेतून बघ. दार उघडलं की आतली गरम हवा एकदम बाहेर येते, फुगलेल्या पण न शिजलेल्या केकमधला वायू आकसतो, आणि जे खचतं ते पुन्हा उठत नाही. पस्तीस ते चाळीस मिनिटांनी विणायची सुई मधोमध घालून बघ. ओलं पीठ चिकटलं नाही, बोटाने दाबलेला भाग वर आला, आणि केकने टिनची कड सोडली, ह्या तिन्ही गोष्टी झाल्या की काढ. सुई कोरडी निघते पण दाबलेला खड्डा तसाच राहतो, तर अजून पाच मिनिटं.

जास्त सोडा घातला की जास्त फुगेल असं वाटून काही जणी चमचा भरून घालतात. केक भराभर वर चढतो, बुडबुडे मोठे होऊन एकमेकांत फुटतात आणि मग खाली बसतो. शिवाय दह्यातल्या आंबटपणाला पुरून उरलेला सोडा साबणासारखा लागतो. तुझा केक चवीला असा लागला होता का, ते आठवून बघ. लागला असेल तर सोडा जास्त झाला. चव चांगली आणि मध्ये चिकट असेल तर पाणी जास्त झालं किंवा वेळ कमी पडला. चव चांगली, जाळी चांगली आणि तरी खचला असेल तर दार.

कुकरमध्ये करत असशील तर शिट्टी आणि झाकणाचं रबर दोन्ही काढायचं, आत पाणी घालायचं नाही, तळाशी मिठाचा किंवा वाळूचा थर, त्यावर जाळी आणि मग टिन. कुकर दहा मिनिटं आधी तापव. झाकण मध्येमध्ये उचलायचा मोह इथे जास्त होतो.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगते, म्हणजे तळण-भाजणीच्या नादात सगळीकडेच पाणी हाकलायला जाणार नाहीस. भाकरी आणि उकडीचे मोदक ह्यांच्यात पाणी राहायलाच हवं. ज्वारीत आणि तांदळात गव्हासारखा चिवटपणा नसतो. कढत पाण्याने पिठातला स्टार्च शिजतो आणि तोच चिकटा धरून ठेवतो. म्हणून मोदकाची कळी चिरत असेल तर उकडीला वाफ कमी पडली किंवा मळताना ती गार झाली. ज्वारीचं पीठ जुनं होऊन विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, गेली असेल तर थापताना भाकरी कडेने फाटते, तेव्हा अर्ध्या पिठाची उकड काढून त्यात उरलेलं मळ.

आता अनारसे. भिऊ नकोस. पण आज ठरवून उद्या होणारा हा पदार्थ नाही, दहा दिवस हाताशी ठेव. जुना तांदूळ घे, नवा चिकट पडतो. तीन दिवस भिजव, रोज पाणी बदल. चौथ्या दिवशी उपसून, निथळून, सुती कापडावर सावलीत पसर. किती वेळ? मूठ दाबलीस तर तळहाताला ओल लागावी पण पाणी लागू नये, इतका. साधारण अर्ध्या-पाऊण तासात हे होतं, पण पंख्याखाली पसरलास तर त्याआधीच. ही दमट अवस्थाच सगळं ठरवते. विकतच्या कोरड्या तांदळाच्या पिठीचे अनारसे होत नाहीत, कारण अनारशाची जाळी पडते ती पिठीतल्या ह्याच ओलेची वाफ वरून बाहेर पडताना.

मिक्सरवर दळून बारीक चाळणीने चाळ. चार वाट्या पिठीला तीन वाट्या किसलेला साधा मऊ गूळ आणि चार चमचे तूप. पण गूळ घालायच्या आधी अर्धी वाटी ओलसर पिठी झाकणाच्या डबीत भरून फ्रीजमध्ये ठेव. ती का, ते पुढे सांगते. मळताना पाणी अजिबात नाही. सुरुवातीला ते कोरडं, भुरभुरीत वाटेल. घट्ट दाबून गोळे कर आणि डब्यात भरून चार-पाच दिवस ठेव. गूळ पिठीतली ओल ओढून घेतो आणि गोळा मऊ होतो. उघडल्यावर किंचित आंबूस वास आला तर ठीक आहे, बुरशी दिसली तर सगळं टाकून दे.

करायच्या दिवशी गोळा मळून घे, सुपारीएवढी गोळी खसखशीवर थाप, आणि खसखशीची बाजू वर ठेवून बेताच्या गरम तुपात सोड. उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. पहिला अनारसा एकटाच सोड आणि बाकीचे थापू नकोस. तो गोल राहिला, हळूहळू जाळी पडली, कडेला बदामी रंग आला, की पुढचे थाप. तुपात पसरून फाटला, म्हणजे हसला, तर गूळ किंवा ओल जास्त आहे. आता फ्रीजमधली ती अर्धी वाटी पिठी काढ, चमचा-चमचा मिसळ, दर वेळी एकच अनारसा तळून बघ. तो न पसरता कडक झाला आणि जाळीच पडली नाही, तर गोळ्यात दुधाचे चार थेंब किंवा कुस्करलेल्या केळ्याचा बोटभर लगदा मळ. तळून झालेले अनारसे चाळणीत एकमेकांना टेकवून उभे ठेव, आडवे ठेवलेस तर तूप खालच्या बाजूला साचून राहतं.